चालून जाईल!

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात एक वाद दरवर्षी होतो, आणि तो माळ्यावरून होतो. दिवाणखाना झाडून होतो, भिंतींना रंग लागतो, पितळेची भांडी चिंचेने घासून लखलखीत होतात. मग प्रश्न उरतो तो माळ्याचा. मी म्हणतो, "राहू दे. माळ्यावर कोण पाहुणा चढून बघणार आहे? चालून जाईल." आई त्यावर वाद घालत नाही. ती फक्त शिडी आणून भिंतीला लावते आणि पदर खोचू लागते. ऐंशीच्या घरातल्या आईला शिडी चढताना पाहत बसण्याइतका निगरगट्ट मी अजून झालेलो नाही. त्यामुळे दरवर्षी शेवटी माळा मीच झाडतो.

'चालून जाईल' हे दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा उच्चारले असतील, याची गणती नाही. हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखे ते आहेत. खोटे बोलल्याची बोच त्यांत नाही, आळसाची लाज नाही. उलट बोलणारा माणूस समजूतदार आणि व्यवहारी वाटतो. या शब्दांचा मला पहिल्यांदा संशय आला तो घरी नव्हे आणि शाळेतही नव्हे. तो आला इंग्लंडात, एका जुन्या मोटारीच्या पोटाखाली. ती हकीकत सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी थोरली बहीण माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. तिचा मुलगा इंग्लंडात स्विंडन या गावी असतो. या गावात गोव्याची माणसे इतकी आहेत, की बाजारात कोकणी कानावर पडली तरी कोणी वळून पाहत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत त्याने मला तिकडे बोलावून घेतले. विमानतळावर त्याच्या चार वर्षांच्या मुलीने मला "आजोबा" म्हणून हाक मारली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मी एका क्षणात म्हातारा झालो. घरी पोचल्यावर या नातीने माझा हात धरून मला थेट अंगणातल्या गॅरेजकडे नेले. "आजोबा, ही डोळे उघडते!" ती म्हणाली.

आत एक लाल, बसकी, दोनच माणसांची मोटार उभी होती. भाच्याने बटण दाबले आणि बॉनेटमध्ये लपलेले तिचे दोन्ही दिवे खरोखरच डोळ्यांसारखे वर आले. ती माझदा कंपनीची एमएक्स-५, १९९२ सालची. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही मोटार जगाने प्रथम पाहिली, आणि २०१६ साली अशा मोटारींची संख्या दहा लाखांवर गेली. त्या पहिल्या गाड्यांचे इंजिन अवघे १.६ लिटरचे, शक्ती सुमारे ११५ अश्वांची, वजन हजार किलोच्या आत. आजच्या घरगुती मोटारीही याहून दांडग्या असतात. पण ती घडवणाऱ्या जपानी मंडळींनी एक जुना शब्द डोळ्यांपुढे ठेवला होता: 'जिन्बा इत्ताई', म्हणजे स्वार आणि घोडा यांचे एकच अंग होणे. ही कल्पना मराठी माणसाला निराळी समजावून सांगायला नको.

"ही घेऊन आपण कुठे जायचं?" मी विचारले.

"कॅसल कूमला. ट्रॅकवर," भाचा म्हणाला. "पण अजून दोन आठवडे काम आहे तिच्यावर. तुम्ही मदत कराल ना, मामा?"

हा ट्रॅक काय प्रकार असतो हे मला ठाऊक नव्हते. वाचकांपैकीही अनेकांना नसेल. इंग्लंडात १९०३ च्या कायद्याने रस्त्यावरचा वेग ताशी वीस मैलांवर बांधून ठेवला होता. ज्यांना जोरात जायचे त्यांनी जावे कुठे? म्हणून १९०७ साली सरे परगण्यात ब्रुकलँड्सचा खास धावमार्ग बांधला गेला. पुढे दुसरे महायुद्ध संपल्यावर देशभर विमानतळ ओस पडले, आणि त्यांच्या कडेने फिरणारे रस्ते मोटारवाल्यांनी धरले. सिल्व्हरस्टोन, गुडवुड, थ्रक्स्टन ही सारी त्याच वंशातली. विल्टशरमधला कॅसल कूमचा मार्ग १९५० पासून चालू आहे. एक फेरा सुमारे तीन किलोमीटरांचा. शर्यती नसतात अशा काही दिवशी तो हौशी लोकांना फी घेऊन खुला करतात. या दिवसाची गंमत अशी, की तिथे स्पर्धा नसते. बक्षीस नाही, क्रमांक नाही, घड्याळ लावून फेरा मोजायलाही मनाई. पुढच्याने वाट दिल्याशिवाय त्याला ओलांडायचे नाही. माणूस स्वतःच्या जुन्या गाडीत बसून, कोणालाही न हरवता, जिथून निघाला तिथेच परत येतो.

माझ्यातला शाळामास्तर लगेच जागा झाला. "अरे, मग यात मिळतं काय? जिवाला धोका आणि खिशाला चाट! दीडशे पौंडांच्या वर फी भरायची, टायर झिजवायचे, आणि पोचायचं कुठंच नाही?"

तो हसला. "मामा, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. त्यात कुठे पोचता?"

या प्रश्नाला मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी बाह्या सरसावल्या.

जुनी मोटार ट्रॅकसाठी तयार करायची म्हणजे तिचा वेग वाढवायचा, अशी माझी समजूत होती. भाच्याने इंजिनाला हातही लावला नाही. त्याने आरंभ केला तो ब्रेकपासून. त्याचे गणित साधे होते. वेग दुप्पट झाला की गाडीतली शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी १६० किलोमीटरांवरून ८० वर यायचे म्हणजे तीन-चतुर्थांश शक्ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरवायची. हजार किलोच्या गाडीत ही उष्णता दोन लिटर गार पाण्याला उकळी आणायला पुरेल, आणि ती निर्माण होते तीन-चार सेकंदांत! आपल्या चुलीवर तेवढ्या पाण्याला किती वेळ लागतो ते घरातल्या बायकांना विचारावे. आणि हे एकदा नव्हे. प्रत्येक फेऱ्यात, प्रत्येक मोठ्या वळणाआधी.

ब्रेकमध्ये जे ब्रेक ऑइल असते ते हवेतली ओल पीत राहते, हे मला नवे होते. डॉट-४ जातीचे ताजे ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल प्यायलेले १५५ अंशांनाच उकळू शकते. उकळले की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि ब्रेकचा पाय मऊ होऊन थेट तळाला जातो. घाट उतरताना ट्रकचा ब्रेक 'फेल' होतो म्हणतात, त्याची एक तऱ्हा हीच. म्हणून तर जुने ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये घाट उतरतात. घरापासून बाजारापर्यंत जाणाऱ्या गाडीतले जुने ऑइल वर्षानुवर्षे हे गुपित लपवून ठेवते. तिथे ते चालून जाते.

मग एकेक गुपित बाहेर येऊ लागले. टायरवरची नक्षी खोल आणि देखणी होती. पण भाच्याने बाजूचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर दहा वर्षांपूर्वीचे निघाले. रबर नखाने दाबले तर पाटीसारखे कठीण. रेडिएटरच्या वरची काळी प्लास्टिकची टाकी उन्हाआगीत तपकिरी झाली होती. हा रंग आला की ती केव्हा तडकेल याचा नेम नसतो. दाराखालच्या पत्र्यावर रंग तुकतुकीत होता, पण त्याने स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो आत गेला. कापडी टपाच्या मागे पाणी वाहून जायला दोन बारीक वाटा असतात. त्यांत पालापाचोळा अडकला की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात उतरते आणि गाडी आतून गंजत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला पत्ता नाही. मला आमचा माळा आठवला.

"पण इथे सरकारी तपासणी असते ना दरवर्षी?" मी म्हटले.

"असते. पण ती विचारते, गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे का? दहा फेऱ्या उकळल्यानंतर ती थांबेल का, हे विचारत नाही."

"मग ट्रॅकवर कोणी तपासत असेल."

"शर्यतीला तपासतात. अशा हौशी दिवशी सहसा आवाज मोजतात, हेल्मेट बघतात, आणि एका कागदावर सही घेतात."

कागदावर असते ते एवढेच, की माझी जोखीम माझ्यावर. मला ते वाजवी वाटले. गाडी त्याची, पैसा त्याचा, जीव त्याचा. इतरांनी त्यात लुडबुड का करावी? मी तसे बोलून दाखवले, तेव्हा भाच्याने हातातला पाना खाली ठेवला. "मामा, या रेडिएटरची टाकी फुटली तर माझं नुकसान किती? एक रेडिएटर, फार तर एक इंजिन. पण ते कूलंट रस्त्यावर सांडेल आणि माझ्या मागचा त्यावरून घसरेल. त्यानं काय केलंय?" कितीतरी शर्यतींत याच भीतीने गोठणरोधक घातलेले कूलंट बंद करून साधे पाणी घालायला लावतात, असे त्याने सांगितले. "आणि वळणावर झेंडा घेऊन उभा असतो, त्यानं कुठं माझ्या कागदावर सही केलीय?"

'ज्याची त्याची मर्जी' या आमच्या आवडत्या तत्त्वाची हद्द मला त्या गॅरेजात पहिल्यांदा दिसली. माझे स्वातंत्र्य माझ्या गाडीच्या बंपरपाशी संपत नाही. तिच्यातून जे गळते ते दुसऱ्याच्या वाटेवर पडते.

दोन आठवडे आम्ही खपलो. नवे टायर आले, रेडिएटर बदलला, गंजका पत्रा कापून नवा जोडला. उघडी गाडी उलटली तर डोके वाचावे म्हणून आसनांमागे पोलादी कमान बसली. ब्रेकच्या रबरी नळ्या काढून स्टीलच्या जाळीच्या नळ्या घालायचे काम शेवटी राहिले, आणि ते नेमके आदल्या दिवशी संध्याकाळी आले. प्रत्येक नळी चाकाशी एका पोकळ बोल्टाने जोडलेली असते, आणि त्या बोल्टाच्या दोन्ही अंगांना तांब्याची दोन वायसरे असतात. चार चाकांची आठ. तांबे एकदा दाबले गेले की त्याची नरमाई जाते, म्हणून दर वेळी नवी घालायची. त्या आठ वायसरांची पुडी धरण्याचे काम माझ्याकडे होते.

सातवे देताना आठवे माझ्या बोटांतून निसटले, घरंगळले आणि अंगणातल्या गटाराच्या जाळीतून आत पडले. दुकाने बंद झाली होती. भाचा काहीच बोलला नाही. मीच घाईने म्हणालो, "अरे, काढलेलं जुनं आहे ना? तेच लाव. चालून जाईल."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मामाचा मान म्हणा, उशीर झाला होता म्हणा, त्याने जुने वायसर लावले. मग ब्रेकची हवा काढायला मी आत बसलो. "दाबा, मामा. धरा. सोडा." पुन्हा "दाबा." शेवटी पायाखालचा ब्रेक दगडासारखा घट्ट लागला. मी विजयी मुद्रेने बाहेर आलो.

जेवण झाल्यावर तो पुन्हा गॅरेजमध्ये गेला. प्रत्येक सांध्याला त्याने कोरडा कागद लावला आणि पाच मिनिटे ब्रेक दाबून धरायला मला सांगितले. तीन कागद कोरडे निघाले. चौथ्यावर तांदळाच्या दाण्याएवढा ओला डाग होता. त्याने बोल्ट थोडा आवळला, पुसला, तासाभराने पुन्हा पाहिले. पुन्हा तेवढाच डाग.

"एवढ्यानं काय होतंय?" मी म्हणालो. "ब्रेक तर घट्ट लागतोय!" माझ्या आवाजात अजीजी होती, हे मला आज कळते. मला तो ट्रॅक पाहायचा होता. आणि त्याहून खरे म्हणजे, त्याची फी माझ्या बोटांतून निसटून गटारात गेली, असे व्हायला नको होते.

"लागतोय," तो म्हणाला. "गार असताना." मग त्याने हात पुसले, दिवा मालवला आणि उद्या येत नाही असा निरोप पाठवून दिला. फी परत मिळण्यासारखी नव्हती. भाचेसुनेने दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा दोघांपुढे चहा ठेवला आणि कोणीच काही बोलले नाही. त्या दिवशी दुकानातून आणलेल्या नव्या वायसराची किंमत एका चहाएवढीही नव्हती.

मी मनातून रागावलो होतो. कदाचित तो सांधा दिवसभर टिकला असता! अगदी संभव आहे. आणि याच विचारावर मी अडखळलो. कारण असाच एक टिकलेला सांधा माझ्या आयुष्यात होता.

वीस वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन मी कुंभार्ली घाटाने कोकणात गेलो होतो. पन्नास मुले आणि प्रमुख मी. पहाटे बस आली तेव्हा मागच्या एका टायरवरची नक्षी पार गेलेली आणि आतले धागे दिसत असलेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ड्रायव्हर म्हणाला, "चालतंय की, गुरुजी." पालक निरोप द्यायला उभे होते, मुले गाणी म्हणत होती, आणि मी म्हणालो, "ठीक आहे. चालून जाईल." आणि चालून गेले! मुले समुद्रात डुंबली, शंखशिंपले घेऊन सुखरूप परतली. पालकांनी माझे आभार मानले. पुढे वीस वर्षे त्या सहलीची आठवण मी अभिमानाने सांगत आलो. टायर मात्र विसरून गेलो. स्विंडनच्या त्या सकाळी, चहाच्या कपावरून, तो टायर मला पुन्हा दिसला.

परत आल्यावर वाचनालयात विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचा १८७७ सालचा एक निबंध माझ्या हाती आला. श्रद्धेच्या नीतीविषयीचा तो निबंध फार प्रसिद्ध आहे. त्यात एक जहाजमालक येतो. जहाज जुने आणि दुबळे झाल्याची शंका त्याला येते. पण इतक्या सफरी झाल्या, हीही होईल, असे स्वतःला पटवून तो माणसांनी भरलेले जहाज समुद्रात लोटतो. जहाज बुडाले तर तो दोषी, हे कोणीही म्हणेल. क्लिफर्ड पुढे विचारतो, जहाज सुखरूप पोचले तर? आणि उत्तर देतो की, दोष तिळभरही कमी होत नाही; तो फक्त उघडकीला येत नाही. ते वाचून मी पुस्तक मिटले. जहाजाच्या जागी मला बस दिसत होती.

फळावर आपला अधिकार नाही, ही गीतेची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ती अपयशी माणसाच्या सांत्वनासाठी वापरतो: तू केलेस ते बरोबर केलेस, फळ आले नाही तर तुझा दोष नाही. पण ही तलवार दुधारी आहे. वाईट फळ माझे नसेल, तर चांगले फळही माझे नव्हे. पन्नास मुले सुखरूप परतली, ती माझी कमाई नव्हती. ते एका फाटक्या टायराचे औदार्य होते.

मग आपण यातून शिकत का नाही? कारण पुरावा नेहमी उलट्या बाजूने उभा असतो. जो हयगय करतो त्याला रोज संध्याकाळी पुरावा मिळतो, की बघ, काही झाले नाही. जो काळजी घेतो त्याच्या हाती पुरावा कधीच येत नाही. भाच्याने गमावलेली फी खरी होती. त्याने टाळलेला अपघात मात्र कोणी पाहिला नाही, पाहणारही नाही. न झालेल्या अपघाताचे आभार मानायला कोणी येत नाही. अशा माणसाला शहाणे ठरवणारा पंच या जगात नाही. लोक त्याला भित्रा म्हणतील, वेळखाऊ म्हणतील, आणि त्याच्याजवळ दाखवायला असेल काय? कागदावरचा तांदळाएवढा एक डाग!

शाळा उघडायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, भाच्याने पुन्हा फी भरली आणि आम्ही कॅसल कूमला गेलो. हेल्मेट चढवून मी शेजारी बसलो. पहिले काही फेरे सगळ्यांनी सावकाश, रांगेने घ्यायचे. मग वाट मोकळी होते. वेगाचे वर्णन करण्याचा मोह मी आवरतो. माझे डोळे निम्मा वेळ मिटलेले होते. एवढे आठवते, की सरळ रस्ता संपत येई, वळण अंगावर धावून येई, मला वाटे आता संपले, आणि तेवढ्यात गाडी कोणा मोठ्या माणसाने मायेने खांद्याला धरून थांबवावे तशी थबके, वळे, पुढे निघे. दर फेऱ्याला तेच, आणि दर फेऱ्याला तसेच. हळूहळू माझे डोळे उघडे राहू लागले. भाच्याचा चेहरा हेल्मेटमध्ये दिसत नव्हता. पण त्याचे हात एखाद्या बीनकाराच्या हातांसारखे शांत होते. यात मिळते काय, हा माझा पहिल्या दिवसाचा प्रश्न मी पुन्हा विचारला नाही. जे आपण स्वतःच्या हाताने, कोणी पाहत नसताना नीट केले आहे, त्याच्यावर सगळा भार टाकून पाहण्याची संधी माणसाला क्वचितच मिळते. किती वेळात फेरा झाला ते मात्र विचारू नका. घड्याळ लावायचे नसते.

घरी आल्यावर नातीने विचारले, "आजोबा, कोण जिंकलं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. तिला ते मुळीच आवडले नाही.

दिवाळीची सुटी संपली की डिसेंबरात शाळेची सहल निघेल. यंदाही प्रमुख मीच आहे. बस आल्यावर गुडघे टेकून, मोबाईलचा दिवा लावून, सहाही टायर आणि त्यांवरचे चार-चार आकडे मी पाहणार आहे. ड्रायव्हर म्हणेल, "गुरुजी, चालतंय की." पालक घड्याळाकडे बघतील, मुख्याध्यापक खाकरतील. एखादा टायर नापसंत पडला तर सहल दोन तास उशिरा निघेल, मुले हिरमुसतील, आणि माझे बरोबर होते हे कधीच सिद्ध होणार नाही. त्या वेळी तोंडातून ते दोन जुने शब्द निघणार नाहीत, अशी खात्री मी आज देत नाही. चाळीस वर्षांची सवय आहे. पण यंदा आईने शिडी आणण्याआधीच मी माळ्यावर चढलो. "काय रे, बरं आहे ना?" असे विचारीत ती खाली उभी राहिली, आणि तिने शिडीचे दोन्ही पाय घट्ट धरून ठेवले.